पिवळ्या कार्डांचा खण

व्याकरणकारांच्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला बसण्यापूर्वी एक गोष्ट ऐकून घ्यावी लागे. पृथ्वीच्या पाठीवर सुमारे सात हजार भाषा आहेत. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या भाषांना दहा हजारही बोलणारे उरलेले नाहीत. आणि तरीही या सात हजारांत एकही भाषा अशी नाही की जिच्यात प्रश्न विचारता येत नाही, नकार देता येत नाही किंवा मदतीला हाक मारता येत नाही. हे सांगताना त्यांचा आवाज, निजलेल्या तान्ह्या मुलाजवळ बोलावे, तसा खाली येई. वय चौऱ्याहत्तर, पाठीला बाक, आणि आयुष्यभराची कमाई म्हणजे पाच लहान भाषांची पाच व्याकरणे. सहावे चालू होते.

ही सहावी भाषा ते ज्या बाईकडून शिकत होते, ती एका लॉन्ड्रीत इस्त्री करणारी होती. दूरच्या डोंगरातल्या तिच्या वस्तीवर एका पहाटे कडा कोसळला आणि माणसांबरोबर भाषाही गाडली गेली. वाचलेली चार माणसे चार दिशांना गेली. ही लग्न होऊन या शहरात आली. इथे तिची भाषा तिच्यावाचून कोणालाच येत नव्हती. आठवड्यातून एकदा, अकराच्या ठोक्याला, ती भाषासंस्थेचे दोन जिने चढून येई आणि तिच्या मागोमाग तिचा नवरा.

नवरा लाकूड कापण्याच्या गिरणीत कामाला होता. गिरणीत सगळे त्याला करवत्या म्हणत. बायको एकटी उंबऱ्याबाहेर पडलेली त्याला खपत नसे. लॉन्ड्रीत देखरेखीला त्याची थोरली बहीण बसे, घरी तो स्वतः. आणि इथे, गिरणीच्या सुटीच्या दिवशी, दाराशी ठेवलेल्या स्टुलावर तो पाय लांब करून बसे, ते असे की आत येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचे पाय ओलांडावे लागावेत. संस्थेचे शिक्क्याचे पत्र त्याने गिरणीत सर्वांना दाखवले होते. बायकोला तो इथे येऊ देई, ते त्या शिक्क्याच्या मिरवण्यापायी.

व्याकरणकारांची पद्धत साधी आणि कठोर होती. तीनशे वाक्यांची एक यादी त्यांनी तरुणपणी सिद्ध केली होती. यादीतले एक वाक्य ते आपल्या भाषेत म्हणत. बाई ते तिच्या भाषेत सांगे. ती मान डोलावीपर्यंत ते तिच्यामागून घोकत. आणि त्यांची विधवा लेक ते पांढऱ्या कार्डावर उतरवून घेई. कार्डे लाकडी खणांत जात. प्रत्येक खणाच्या तळातून एक पितळी सळई आरपार गेलेली असे, कार्डांच्या भोकांतून ओवलेली, म्हणजे खण उलटापालटा झाला तरी कार्डांचा क्रम मोडू नये.

यादीतले सर्वांत कष्टाळू क्रियापद होते ‘मारणे’. यात नवल काही नाही. मारणारा हवा, मार खाणारा हवा, ज्याने मारायचे ते हत्यार हवे. एका क्रियापदात वाक्याची सगळी नाती उघडी पडतात. जगातली व्याकरणे चाळून पाहावीत. त्यांच्या उदाहरणांत जेवढी मारहाण आहे, तेवढी फौजदारी कचेरीतही सापडायची नाही. आपल्यासारख्या कित्येक भाषांत क्रियापद शेवटी येऊन वाक्याला कडी घालते, पुष्कळ भाषांत ते मधे बसते, आणि थोड्या भाषांत ते सर्वांच्या पुढे येते. बाईची भाषा या थोड्यांतली होती. तिच्यात आधी प्रहार येई, मग तो करणारा, आणि मग ज्याच्यावर झाला तो.

“माणसाने कुत्र्याला मारले,” व्याकरणकार म्हणत. “माणसाने कुत्र्याला काठीने मारले. माणूस कुत्र्याला रोज मारतो.”

“मास्तर,” दाराशी करवत्या हसला, “एवढं शिकून सवरून शेवटी मारामारीच का? मग मलाच बोलवायचं की शिकवायला. मी करून दाखवतो.”

टेबलावरच्या कापडाची कड बाई तळहाताने सपाट करीत राहिली, इस्त्री फिरवावी तशी.

पहिले सात आठवडे सारे सुरळीत गेले. आठव्या आठवड्यात काही बिनसले. “माणसाने कुत्र्याला काठीने मारले” या वाक्याला बाईने जे उत्तर दिले, त्यात काठी नव्हती आणि कुत्राही नव्हता. व्याकरणकारांनी पुन्हा विचारले. तिने पुन्हा तेच सांगितले, त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून, एकेक शब्द सुटा करून.

“कुत्रा कुठे गेला, बाई?”

“आमच्यात असंच म्हणतात, गुरुजी.”

करवत्याने जांभई दिली.

तेव्हापासून अशी उत्तरे वाढत गेली. व्याकरणकारांनी त्यांच्यासाठी पिवळी कार्डे काढली आणि खणावर स्वतःच्या हाताने लिहिले: अनियमित. त्यांचा एक जुना दंडक होता, आधी संग्रह आणि मग अर्थ. यादी पुरी होण्याआधी वाक्याचा अर्थ लावायला बसले, की संग्राहक आपल्या मनातले बोलणाऱ्याच्या तोंडी घालतो, असे ते विद्यार्थ्यांना बजावीत आले होते. म्हणून पिवळ्या कार्डांवरचे ध्वनी त्यांनी मोजले, पदे सोडवली, प्रत्यय ओळखले. वाक्य मात्र एकदाही वाचले नाही. उलट त्यांना एक सुंदर सिद्धांत सुचला. या भाषेत मुक्या जनावराच्या यातनांचा उच्चार अशिष्ट मानत असावेत, आणि म्हणून त्याच्या जागी माणसाची योजना करीत असावेत. त्यावर एक निबंधही त्यांनी लिहायला घेतला.

“बाबा,” लेक म्हणाली, “अपवादांचा खण नियमांपेक्षा जड झालाय. आता नियमांनाच अपवाद म्हणायचं का?”

“तू थट्टा करू नकोस. लिही.”

एकदा ती नवरा-बायको गेल्यावर लेकीने लेखणी खाली ठेवली. “तिच्या मानेवर डाग आहे, पाहिलात? टोकदार. इस्त्रीच्या नाकाएवढा.”

“इस्त्री करणारीच ती. भाजायचंच.”

“मानेला? स्वतःची इस्त्री स्वतःच्या मानेला कशी लागते, बाबा?”

“मग विचार की तिला.”

“तो दारात बसलेला असताना?”

यावर व्याकरणकारांनी पुढचे कार्ड हातात घेतले. हे कार्ड घेणे त्यांना नंतर फार दिवस आठवत राहिले.

अठराव्या आठवड्यात यादी संपली. त्यानंतरच्या सुटीच्या दिवशी सकाळी नऊलाच बाप-लेक खोलीत येऊन बसले; बाई अकराला यायची, तोवर पिवळ्या कार्डांना अर्थ द्यायचे काम हातावेगळे करायचे होते. इमारत रिकामी होती. कचेरीला कुलूप, टेलिफोनही त्या कुलुपाआड. एव्हाना शब्दसंग्रह सहाशेच्या वर गेला होता. लेकीने खण टेबलावर ओढला आणि तारखेच्या क्रमाने पहिले कार्ड वाचले, शब्दामागे शब्द ठेवून, त्या भाषेच्याच चालीने.

“मारले त्याने मला. गरम लोखंडाने. मानेवर.”

“लोखंडाने,” व्याकरणकार पुटपुटले. “करणाचा प्रत्यय पाहा, किती स्वच्छ...”

“बाबा!”

ते थांबले. लेकीने दुसरे कार्ड घेतले. तिचा आवाज लाकडासारखा झाला होता.

“धरले मला बहिणीने त्याच्या. भाजले त्याने. — चिरडले त्याने बोट माझे दारात. दोनदा. — मारली त्याने लाथ पोटावर. पडले मी जिन्यावरून. गेले बाळ. — पुसायला लावले त्याने रक्त मला.”

एका कार्डावर वेगळेच निघाले: “बोललास तू आज चांगले. शिक अजून. लवकर शिक.”

आपण भाषा गोळा करीत आहोत, असे व्याकरणकारांना चार महिने वाटत होते. इथे शिकवणारी दुसरीच होती. घरी एक पहारा, लॉन्ड्रीत दुसरा; सगळ्या शहरात जिथे कोणाचे कान पोचत नव्हते अशी तिची एकच जागा होती, ती म्हणजे तिची भाषा, आणि त्या जागेत ऐकायला कोणी नव्हते. म्हणून सात आठवडे तिने कुत्रा, काठी, झाड, सारे मुकाट्याने पुरवले. एक कान तिने स्वतःच्या हाताने घडवला. आठव्या आठवड्यात ती त्या कानाशी बोलू लागली. आणि त्या कानाने तिच्या बोलण्याला अनियमित म्हणून खणात टाकले.

“शेवटचं वाच,” ते म्हणाले.

ते मागच्या आठवड्याचे होते. त्यांनी विचारले होते, माणूस उद्या झाड तोडील. उत्तर कार्डाच्या दोन्ही बाजूंना पसरले होते.

“सापडली माझी पिशवी त्याला. कळले त्याला, जाणार होते मी. मारून टाकील तो मला. पुढच्या सुटीला. इथून निघाल्यावर. बंद गिरणीत, मोठ्या करवतीवर. येते आता तुला भाषा माझी. सांग कोणाला तरी.”

हे वाक्य त्यांनी तिच्यामागून तीनदा घोकले होते. तिसऱ्यांदा उच्चार इतका निर्दोष उतरला की ते स्वतःच खूश झाले होते, आणि दाराशी करवत्याने टाळी वाजवून “वा, मास्तर!” म्हटले होते.

घड्याळात दहा चाळीस झाले होते. लेकीने चपला पायांत सरकवल्या. “मी पुलापलीकडच्या पोलीस चौकीत जाते. मी येईपर्यंत त्यांना उठू देऊ नका.”

“यादी संपली आहे. विचारायचं काय?”

“नवी वाक्यं करा. जन्मभर दुसरं काय केलंत?” ती दाराशी थबकली, मागे वळून त्यांच्या खांद्याला हात लावला आणि जिना उतरून पळाली.

अकराच्या ठोक्याला दोघे आली. बाईचा खालचा ओठ फुटलेला होता. करवत्याच्या हातात किंतानाची थैली होती. ती त्याने स्टुलाशी ठेवली तेव्हा आत लोखंड वाजले.

“पोरगी दिसत नाही?”

“कागद आणायला गेली आहे.”

“बरं. आज लवकर आटपा, मास्तर. गिरणीत काम आहे.”

“आज तर गिरणी बंद.”

“म्हणून तर,” करवत्या म्हणाला आणि पाय लांब करून बसला.

व्याकरणकारांनी चष्मा पुसला. मग आपल्या भाषेत मोठ्याने म्हणाले, “पक्षी झाडावर बसला,” आणि त्याला जोडून, तोच संथ सूर धरून, तिच्या भाषेत म्हणाले, “वाचले मी सगळे. आज वाचले. गेली लेक माणसे आणायला.” पोलीस हा शब्द त्यांच्या सहाशेंत नव्हता. त्यांनी म्हटले, “काठीवाली माणसे.”

कापडावरून फिरणारा तिचा हात थांबला.

वाक्य म्हणावे तसे ती म्हणाली, “किती वेळ?”

“ठाऊक नाही मला. पाहू नकोस दाराकडे.”

“मारले मी त्याला रोज, मनात,” ती म्हणाली. “रोज.”

“दोन पक्षी झाडावर बसले,” व्याकरणकार मोठ्याने म्हणाले. तीन पक्षी बसले. पक्षी उडाला. पक्षी उडाला नाही. काटा रेंगाळत सव्वाअकरावर आला. प्रत्येक पक्ष्याआड दोघे एकेक शब्द सरकवीत होते.

“मास्तर.” करवत्या स्टुलावरून उठला होता. “आज तुम्ही सांगताय आणि ही विचारतेय. असं उलटं कसं?”

“शेवटी उजळणी असते.”

“उजळणी.” तो सावकाश टेबलापाशी आला. “आत्ता काय म्हणाली ही?”

“पक्षी उडाला, म्हणाली.”

“मला तिची बडबड कळत नाही, खरंय. पण तोंड कळतं. आठ वर्षं बघतोय हे तोंड. ही आत्ता खूश झाली.” त्याने तिची वेणी मुठीला गुंडाळली. “कशानं गं खूश झालीस? सांग की! मास्तरांना सांगतेस, मला नाही?”

आणि त्याने तिचे तोंड टेबलावर आदळले. एकदा, मग दुसऱ्यांदा. लाकडावर दात वाजले आणि दौत उलटून शाई रक्तात मिसळली.

व्याकरणकार उठले. उभ्या आयुष्यात त्यांनी कोणावर हात उगारला नव्हता. ‘मारणे’ त्यांनी दीडशे प्रकारे चालवून पाहिले होते, पण ते कागदावर. त्यांनी करवत्याच्या मनगटाला दोन्ही हातांनी विळखा घातला. त्याने नुसता खांदा झटकला आणि ते भेलकांडून कपाटावर गेले. वेणी सोडून त्याने थैलीतला हातोडा काढला.

“तुलाही हिची भाषा फार आली, नाही का, म्हाताऱ्या?”

पहिला घाव गळ्याखालच्या हाडावर बसला. हाड मोडल्याचा आवाज त्यांना आतून ऐकू आला. दुसऱ्या घावाने डावा हात लुळा झाला. ते घसरत खाली बसले. त्यांच्याबरोबर कपाटातले दोन खण सुटले आणि पांढरी कार्डे, सळया तिरप्या होऊन, पंख्यासारखी पसरली. तिसऱ्या घावासाठी हातोडा वर गेलेला त्यांना दिसला. त्याच्या मागे बाई टेबलाला धरून उभी राहात होती. नाकातोंडातून रक्ताची धार, आणि दोन्ही हातांखाली, टेबलावर, पिवळ्या कार्डांचा खण.

सहाशे शब्दांपैकी त्या क्षणी त्यांच्यापाशी एकच उरला होता. त्या भाषेत त्यांना सर्वांत पक्का येणारा. तो त्यांनी सगळा श्वास लावून ओरडून म्हटला:

“मार!”

करवत्याला शब्द कळला नाही. तो क्षणभर म्हाताऱ्याकडे पाहात राहिला, आणि तेवढा क्षण पुरला. हातभर लांब, सागवानी, गच्च भरलेला तो खण तिने दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि त्याच्या कानशिलावर आणला. तो गुडघ्यांवर आला. तिने पुन्हा मारले. प्रत्येक घावाबरोबर ती तिच्या भाषेत काही म्हणत होती आणि व्याकरणकारांना ते सारे कळत होते: मान. बोट. जिना. बाळ. चौथ्या घावाला जबडा निखळला. पाचव्याला खणाचा कोपरा डोळ्यात गेला, आणि करवत्या जो किंचाळला तो आवाज कुठल्याच भाषेतला नव्हता. खणाची फळी तडकली. आतले एकही कार्ड जागचे हलले नाही. सळईने सारी धरून ठेवली होती.

“पुरे,” व्याकरणकार तिच्या भाषेत म्हणाले. “पुरे, बाई. जगायचे आहे तुला.”

खण वरच राहिला. जिन्यावर बुटांचे आवाज आले, आणि सर्वांत पुढे लेकीची हाक, “बाबा!” तेव्हा तिने तो खाली ठेवला, दोन्ही हातांनी, तान्हे बाळ ठेवावे तसा.

करवत्या वाचला. एक डोळा आणि जबड्याचा उजवा भाग गमावून वाचला, आणि त्याच्यावर खटला उभा राहिला. न्यायालयाने पिवळी कार्डे मागवली, क्रमाने, जशी सळईवर होती तशी. ती दोन दिवस वाचली जात होती. हात गळ्यात बांधलेले व्याकरणकार एकेक कार्ड तिच्या भाषेत म्हणत, ती मान डोलावी, मग ते अर्थ सांगत. आरोपीच्या वकिलाने विचारले, ही तर व्याकरणाची उदाहरणे, यांना साक्ष कसे म्हणता? व्याकरणकार म्हणाले, मीही चार महिने तेच म्हणालो, साहेब; मला त्याची लाज वाटते. करवत्याला दीर्घ कारावास झाला. थोरल्या बहिणीला थोडा कमी.

बाई पुन्हा आली ती एका साध्या कामाच्या दिवशी, स्वतःच्या सवडीने, एकटी. दाराशी स्टूल रिकामे होते. नाक थोडे वाकडे जुळले होते आणि पुढचे दोन दात नव्हते. व्याकरणकारांनी ग्रंथाचे पहिले हस्तलिखित तिच्यापुढे ठेवले. निबंध त्यांनी फाडून टाकला होता. यादीतली ‘मारणे’ची सगळी वाक्ये तांबड्या शाईने काटली होती, त्यांच्या जागी पेरणे, विणणे, वाहणे अशी क्रियापदे घातली होती.

“हे काय केलंत, गुरुजी?” तिने लेकीकडून वाचून घेतल्यावर विचारले.

“तुला पुन्हा त्याची आठवण नको.”

“आठवण काय, शाईनं जाते?” तिने तांबड्या रेघांवरून बोट फिरवले. चिरडलेले बोट होते ते, नख नसलेले. “विणलेलं मी कधी काही सांगितलं नाही तुम्हाला. मी सांगितलं ते लिहा. आमची वस्ती गेली, माणसं गेली. ह्या भाषेत शेवटी मी काय बोलले ते तरी खरं राहू द्या.”

“पिवळी कार्डं? सगळी?”

“क्रमानं.”

व्याकरणकार उजव्या हाताने, एका हाताने काम करण्याची अजून सवय नव्हती म्हणून अडखळत, तडकलेला खण पुढे ओढू लागले. लेकीने मदत केली. वर लिहिलेला शब्द त्यांनी आधी खरवडून काढला.

“आणि गुरुजी,” बाई म्हणाली, “तेवढा कुत्रा काटलेलाच ठेवा. त्याला कुणी मारलं नव्हतं.”